खाली काय पडतंय ते बघा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या काही वर्षांत एक नवा छंद आपल्याकडे चांगला रुजला आहे. टेबलावर मावेल एवढं एक मशीन घ्यायचं, संगणकाला जोडायचं, पडद्यावर नाव किंवा नक्षी काढायची आणि बटण दाबलं की मशीन ती लाकडात कोरून देतं. सीएनसी राउटर असं त्याला म्हणतात. पहिल्या आठवड्यात घरातली मंडळी खुर्च्या टाकून ते बघत बसतात. दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू होते. अक्षराच्या कडा केसाळ आल्यात, पोटात भुसा घट्ट चिकटलाय, एखाद्या कोपऱ्यात काळपट डाग पडलाय, वेलांटीचं टोक उडून गेलंय. पडद्यावर मात्र सगळं कसं वस्तऱ्यानं कापल्यासारखं दिसत असतं.

मग माणूस काय करतो? सॉफ्टवेअर बदलतो. दुसऱ्या कोणाची तरी तयार फाइल मिळवतो. जास्त ताकदीची मोटर घेतो. मला अशा मंडळींचे बरेच फोन येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, 'फाइल तर बरोबर आहे हो!' फाइल बरोबरच असते. तिच्यात दोष क्वचित निघतो.

आमच्या भागात एक जुने मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेले, अजून पटाशीला स्वतः धार लावणारे. माझं मशीन पाहायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी संगणकाकडे बघितलंच नाही. चालू मशीनखाली बोट फिरवलं, चिमूटभर भुसा उचलून चोळून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे कापत नाहीये, घासतंय. खाली काय पडतंय ते बघा." चिमटीत पीठ होतं. रंधा नीट चालत असला की कागदासारखे पापुद्रे पडतात. पटाशी नीट चालत असली की ढलप्या पडतात. मशीनचा बिट नीट चालत असला की बारीक का होईना, पण ढलप्याच पडायला हव्यात. पीठ पडत असेल तर आपण लाकूड कापत नसून दळतो आहोत.

हे समजून घ्यायला मशीन म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात पाहू. १९५२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरची पाती बनवणारा हा कारखानदार माणूस. हुकूम तेव्हा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जायचे. पुढे २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो नावाचं स्वस्त सर्किट निघालं, आणि २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुड यांनी त्यावर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्राम सर्वांना फुकट दिला. आज घरगुती छोट्या मशीनपैकी पुष्कळशी याच जोडीवर चालतात. सत्तर वर्षांत यंत्र कारखान्यातून आपल्या बाल्कनीत आलं, पण त्याचा स्वभाव तोच राहिला. इतके मिलिमीटर उजवीकडे, इतके खाली, इतक्या वेगानं, एवढंच त्याला समजतं. आपल्यासमोर सागवान आहे की साबण, हे त्याला कळत नाही. धागा कुठे वळलाय, गाठ कुठे आहे, बिटाची धार गेलीय का, यातलं काही म्हणजे काही त्याला दिसत नाही. सुताराचा हात जे न बोलता करत असतो, ते सगळं मशीन सुरू होण्याआधी आपल्याला करून ठेवावं लागतं.

आता पिठाकडे वळू. बिटाला दोन धारा आहेत आणि तो मिनिटाला १०,००० फेरे घेतोय असं धरा. म्हणजे मिनिटाला २०,००० वेळा धार लाकडाला लागते. मशीन मिनिटाला १,००० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला किती लाकूड येतं? एक हजार भागिले वीस हजार, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. साधारण पातळ कागदाएवढी ही ढलपी. लहान बिटाला हे मानवतं. आता नवशिका माणूस काय करतो? काम स्वच्छ यावं म्हणून तो मशीन हळू चालवतो, मिनिटाला ३०० मिलिमीटर. प्रत्येक धारेला मिळतात ०.०१५ मिलिमीटर. कुठलीही धार आपल्याला वाटते तितकी अणकुचीदार नसते. जवळून पाहिली तर ती गोलसर असते, आणि वापरानं आणखी गोल होते. त्या गोलाईपेक्षा ढलपी पातळ झाली की धार लाकडात शिरतच नाही. वरून घसरते, दाबते, तापते. लाकूड करपतं, बिट बोथट होतो, आणि बोथट बिट आणखी घासतो.

म्हणून 'हळू म्हणजे स्वच्छ' ही समजूत इथे चालत नाही. मोठ्या फर्निचरवाल्यांचा हातराउटर ज्यांनी मशीनला बसवलाय, त्यांच्याकडे तर हे जास्त होतं. तो मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत जातो, आणि लोक त्याची चकती कौतुकानं शेवटच्या आकड्यावर ठेवतात. त्या वेगाला मिनिटाला हजार मिलिमीटर सरकलं, तर धारेला दिडक्या-दोन शतांश मिलिमीटरच मिळतात. चकती खाली आणून १२,००० वर ठेवा, आणि तोच बिट, तीच फळी, पण आवाज बदलतो. किंचाळणं थांबून घरघर सुरू होते. एकच धार असलेला बिट लावला तरी हिशेब दुपटीनं सुधारतो. मशीन लेचंपेचं असेल तर वेग वाढवताना खोली कमी करा. एका फेरीत तीन मिलिमीटर खोल जाण्याऐवजी पाऊण मिलिमीटरच्या चार फेऱ्या घ्या, पण प्रत्येक फेरीत धारेला नीट घास मिळू द्या.

इथेच एक सांगून टाकतो. छोट्या मशीनबरोबर डबीत जे दहा बारीक, टोकदार बिट मिळतात, ते बहुतेकदा सर्किटबोर्डावरचा तांब्याचा पातळ थर खरवडण्यासाठी असतात. लाकडाला ते योग्य नाहीत. भुसा बाहेर फेकायला त्यांना जागाच नसते. त्यांनी पाटी कोरून मशीनला नावं ठेवणं म्हणजे सुईनं भाजी चिरण्यासारखं आहे. साठ किंवा नव्वद अंशांचा, दोन धारांचा, लाकडासाठीचा व्ही बिट वेगळा घ्यावा लागतो. मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत फार नसते.

ढलपी साधली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं लाकडाच्या धाग्यात आहे, आणि आपल्या लिपीचा त्याच्याशी फार गमतीचा संबंध आहे. ऊस सोलताना सालीची एक बाजू दातात धरून ओढली की साल आपल्या मर्जीनं पुढे फाटत जाते; दात मागेच राहतात. लाकूडही तसंच फाटतं. धार धाग्याच्या उतरणीनं गेली तर कापते, चढणीनं गेली तर धाग्याखाली शिरून त्याला उचकटते आणि फाट धारेच्या पुढे धावते. रंधा मारताना मिस्त्री फळी उलटी फिरवून घेतात, ती यासाठीच. मशीनवर फळी फिरवायची सोय नाही. एका अक्षरात बिटाला सगळ्या दिशांनी जावं लागतं.

पाटी आडवी, लांबट असते आणि धागाही त्याच दिशेनं आडवा असतो. म्हणजे शिरोरेषा धाग्याबरोबर आणि काना धाग्याला आडवा. शिरोरेषा कोरताना कड गुळगुळीत येते, पण धागा जरासा तिरपा असेल तर तिथूनच लांब कुसळ निघतं. काना कोरताना प्रत्येक तंतू आडवा कापला जातो. बिट बोथट असेल तर कापलेली टोकं जुन्या कुंचल्यासारखी विस्कटतात. म्हणून शिरोरेषा स्वच्छ आणि काने तेवढे केसाळ अशी पाटी दिसली की मी आधी बिटाची धार बघतो. 'ळ' आणि 'ठ' यांसारखी गोल अक्षरं तर चारही प्रकार एकत्र दाखवतात. गोलाच्या समोरासमोरच्या दोन पावांत कड छान आणि उरलेल्या दोन पावांत खरखरीत, हा धाग्याचाच खेळ.

व्ही बिटानं खाच कोरली की आणखी एक गोष्ट दिसते. खाचेची एक भिंत नितळ आणि दुसरी खडबडीत. बिट वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्यामुळे तो पुढे सरकत असताना उजव्या भिंतीला धार तंतूंना आत दाबत बाहेर पडते, तर डाव्या भिंतीला तंतूंना भिंतीपासून ओढत आत शिरते. बहुधा डावीच कड केसाळ येते. यावर सोपा उपाय असा, की पूर्ण काम झाल्यावर फळी न हलवता तोच प्रोग्राम त्याच खोलीवर पुन्हा एकदा चालवायचा. पहिल्या वेळी बिट दाबाखाली थोडा वाकलेला असतो. दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे फक्त केसच उरतात. दहा मिनिटं जास्त जातात, पण पॉलिश पेपरचा अर्धा तास वाचतो. उठावाची अक्षरं कोरताना मात्र हे आधीच ठरवावं. भोवतालचं लाकूड काढताना अक्षराला पाव मिलिमीटर जादा अंग ठेवायचं, आणि शेवटची हलकी फेरी अक्षराभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घ्यायची. या दिशेनं धार जाड घास घेऊन आत शिरते आणि पातळ होत बाहेर पडते, तंतूंना उचकटत नाही. मग सगळंच काम या दिशेनं का करू नये? कारण ढिल्या मशीनला ती धार पुढे खेचते आणि बिट लाकडात घुसतो. पाव मिलिमीटरला तेवढी ताकद नसते, म्हणून ही दिशा शेवटच्या फेरीपुरती.

मशीन ढिलं आहे की नाही, हे पाहायला महागडी उपकरणं लागत नाहीत. टाकाऊ फळीवर एक मोठा 'ठ' कोरा. त्याचं पोट गोल येतं की चार ठिकाणी चपटं, ते बघा. गोल फिरताना ज्या चार जागी मशीनची एकेक बाजू उलट दिशेला वळते, तिथे चपटेपणा किंवा बारीक खाच दिसली तर स्क्रू आणि नट यांच्यात प्ले आहे. तो आधी काढायचा. बिटही कॉलेटमधून गरजेपुरताच बाहेर ठेवायचा. बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली की तोच दाब त्याला आठपट वाकवतो, आणि जाडी निम्मी झाली तर सोळापट. कॉलेटमध्ये भुशाचा कण अडकला तरी टूल आउट फिरतं. ते अर्ध्या दशांशानं आउट फिरलं, तर दोन धारांपैकी एकच सगळं काम करते आणि दुसरी नुसती वारा घालते. आपला मघाचा हिशेब तिथेच कोलमडतो. प्रत्येक वेळी बिट बदलताना कॉलेट पुसणं हे देवापुढचं निरांजन पुसण्याइतकं सवयीचं व्हायला हवं.

आता एक प्रत्यक्ष काम सांगतो. माझ्या परिचयातल्या एका बाईंच्या माहेरचा वाडा पाडला गेला. तिथे इमारत उभी राहिली, भावंडांना फ्लॅट मिळाले. वाड्याच्या दाराचा एक दिलहा त्यांनी जपून ठेवला होता. सागवानी, अकरा इंच लांब, सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. त्यावर वाड्याचं नाव कोरून नव्या दाराशी लावायचं होतं. नाव 'नीळकंठ'. फळी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "काका, दुसरी नाही हं मिळणार." अशा कामात चाचणी नेमकी त्याच फळीवर घेता येत नाही. जे ठरवायचं ते आधी ठरवावं लागतं.

पहिलं काम, चुंबक. जुन्या लाकडात मोडलेल्या चुका असतात, वरून दिसत नाहीत. दोन सापडल्या. फिरता बिट लोखंडावर आदळला तर बिट तुटतोच, शिवाय तुकडा डोळ्याकडे येतो. चष्म्याशिवाय हे मशीन चालवूच नये. दुसरं, रंग. दिलह्यावर ऑइलपेंटचे तीन-चार थर होते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो घासून न उडवता रंग काढायच्या द्रावणानं मऊ करून खरवडून काढला. तिसरं, सपाटी. हा मुद्दा फार लोक सोडून देतात, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

व्ही बिटाचं सगळं गणित खोलीवर असतं. टोक जितकं खाली जाईल तितकी रेघ रुंद. नव्वद अंशांच्या बिटानं तीन मिलिमीटर खोल गेलं की रेघ सहा मिलिमीटर रुंद होते. साठ अंशांच्या बिटानं साडेतीनच्या आतबाहेर. आता फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर वर असेल, तर नव्वदच्या बिटानं रेघेत एक मिलिमीटरचा फरक पडतो. दोन मिलिमीटरची नाजूक वेलांटी एका टोकाला तीनची होते, दुसऱ्या टोकाला दोनचीच राहते. माणसाला वाटतं फॉन्ट बिघडला. साठच्या बिटाला हाच फरक जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून फळीच्या सपाटीची खात्री नसेल तेव्हा मी साठचा घेतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगानं फुगतं, फळी ताटलीसारखी वाकते, आणि मशीनच्या टेबलावरची एमडीएफची फळीही दमट हवेत फुगते. तेव्हा जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा टेबलाची फळी मशीननंच वरून हलकी तासून घ्यावी. ज्या मशीनवर कोरायचं, त्याच मशीननं तासलेली जागा त्याच्यापुरती तरी सपाट असते. कोरायची फळीही तशीच तासावी. बाईंच्या दिलह्याच्या बाबतीत मी त्यांना आधी विचारलं, कारण तासलं की वरचा जुना तपकिरी रंग जातो. त्या म्हणाल्या, चालेल. मागची बाजू तशीच ठेवायची, एवढी अट.

फळी पकडतानाही चार कोपऱ्यांत क्लॅम्प लावून भागत नाही. मधे ती अधांतरी असेल तर बिटाखाली थरथरते आणि खाचेच्या भिंतीवर बारीक लाटा उमटतात. बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. ढोलकीसारखी वाजली तर खाली पोकळी आहे. टेबलाला आणि फळीच्या पाठीला मास्किंग टेप लावून दोन्ही टेपांमध्ये सुपरग्लूचे थेंब टाकले, तर सबंध फळी धरून राहते आणि नंतर डाग न पडता सुटते.

मग प्रश्न आला अक्षरांचा. बाईंना उठावाची अक्षरं हवी होती, जुन्या पाट्यांवर असतात तशी. मी नको म्हणालो. कारण 'कं'वरचा अनुस्वार. उठावाच्या कामात तो पाच मिलिमीटरचा एकटा खुंट म्हणून उभा राहतो, आणि त्यातले तंतू उभे नसतात, आडवे असतात. कागदाच्या गठ्ठ्याला वरून बाजूनं धक्का दिला की वरचे कागद सरकतात, तसा तो खुंट एका थरावर निखळतो. कोरताना नाही निखळला तर पुसताना निखळेल. काने आणि रफार यांचीही तीच गत. उठावच हवा असेल तर उंची दोन-तीन मिलिमीटरच ठेवावी, भिंती उतरत्या ठेवाव्यात, आणि अनुस्वार जरा ढोबळ घ्यावा. नवी फळी असती तर मी तसं केलंही असतं. इथे दुसरी फळी नव्हती. खोदलेल्या अक्षरात अनुस्वार म्हणजे नुसता खड्डा. तो पडत नाही.

खोदतानाही एक धोका असतोच. दोन खाचांमध्ये उरलेली लाकडाची चिंचोळी भिंत, 'ळ'च्या दोन वाट्यांमध्ये असते तशी, धाग्याला आडवी पडली तर तिचा कपचा उडतो. माझा स्वतःचा हिशेब असा, की दोन खाचांमधलं अंतर खाचेच्या खोलीपेक्षा कमी नसावं. त्यासाठी 'ळ' थोडा रुंद करून घेतला. सुलेखनकारांना हे आवडणार नाही. त्यांच्या कागदाला धागा नसतो.

सागवानात नैसर्गिक सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते. तेलही असतं, ते तापून बिटावर चिकटतं आणि बिट बोथट झाल्यासारखा वागतो. तो फेकण्याआधी थिनरमध्ये जुन्या टूथब्रशनं घासून पाहावा, अर्थात जवळपास ज्योत नसताना. या कामाला मी नवा, साठ अंशांचा बिट घेतला, १०,००० फेऱ्यांना मिनिटाला ८०० मिलिमीटर वेग ठेवला, म्हणजे धारेला ०.०४ मिलिमीटर. प्रत्येक फेरीला पाऊण मिलिमीटर. हे सगळे आकडे आधी सागाच्याच दुसऱ्या तुकड्यावर 'ठ' कोरून पक्के केले. शेवटच्या फेरीआधी चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून खाचांत कुंचल्यानं लावली आणि तासभर वाळू दिली. लाखेनं तंतू ताठ होतात आणि मान न वाकवता कापले जातात. पाइन, पांगारा यांसारख्या मऊ लाकडांना तर हा उपाय फारच लागू पडतो.

लाखेचा दुसरा फायदा रंगाच्या वेळी झाला. कोऱ्या खाचेत रंग भरला की तो तंतूंच्या नळ्यांतून आजूबाजूला पाझरतो आणि सुंदर कोरलेल्या अक्षराला पाय फुटतात. लाख आधी बसली असेल तर पाझरत नाही. रंग बाहेर सांडला तरी चिंता नको. तो वाळल्यावर पाटीचा वरचा चेहरा सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासायचा. सांडलेला रंग जातो आणि अक्षराची कड तीक्ष्ण निघते. नुसत्या बोटांनी पेपर धरून घासलं तर कडा गोल होतात आणि तासाभराची सगळी मेहनत बोटाखाली झिजते. बाईंनी काळा रंग निवडला होता. मला गेरू बरा वाटला असता, पण वाडा माझा नव्हता.

गणपती, वेलबुट्टी अशा उंचसखल कामाचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे गोल टोकाचा बिट शेजारीशेजारी ओळी मारत जातो आणि दोन ओळींमध्ये बारीक वरंबा राहतो. तीन मिलिमीटरचा बिट असेल आणि ओळींमधलं अंतर ०.६ मिलिमीटर असेल, तर वरंबा साधारण ०.०३ मिलिमीटर. अंतर ०.३ केलं तर तो निम्मा होत नाही, पाव होतो. वेळ मात्र दुप्पट. पंधरा सेंटिमीटर चौरसाला ०.३ च्या अंतरानं पाचशे ओळी, म्हणजे पंच्याहत्तर मीटरची चाल. मिनिटाला मीटर या वेगानं सव्वा तास. आणखी निम्म्यावर आणलं तर अडीच तास, आणि डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. तेव्हा ०.३ वर थांबावं आणि ओळी धाग्याच्या दिशेनं माराव्यात, म्हणजे उरलेला वरंबा घासताना पेपर धाग्याबरोबरच चालतो.

खाली काय पडतंय, हे बघायला आणखी एक कारण आहे, आणि ते पाटीपेक्षा मोठं आहे. ढलप्या जमिनीवर पडतात; पीठ हवेत तरंगतं. हे मशीन आपण घरात ठेवतो, बंद खोलीत, अनेकदा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये घातली, मुख्यतः नाकाच्या आतल्या कर्करोगासाठी. छंद म्हणून आठवड्यातून एकदा कोरणाऱ्यानं घाबरून जायचं कारण नाही, पण रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क लागतो. काम झाल्यावर झाडू मारू नये. बसलेली धूळ पुन्हा उठते. व्हॅक्यूम लावावा किंवा ओल्या फडक्यानं पुसावं. आणि स्वस्त म्हणून एमडीएफवर देव्हाऱ्याच्या जाळ्या कापणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. एमडीएफ मुळातच लाकडाचा बारीक लगदा दाबून, रसायनानं चिकटवून केलेला असतो. त्याला धागा नाही आणि त्यातून ढलपी निघतच नाही. आकडे कितीही बरोबर असले तरी खाली पीठच पडणार. तिथे चिमूट चोळून काही कळत नाही, कानावर भरवसा ठेवावा लागतो. आवाज चढा आणि शिट्टीसारखा झाला की वेग वाढवा किंवा फेरे कमी करा. खिडकी उघडी ठेवा, आणि मुलांना त्या वेळेपुरतं दुसऱ्या खोलीत बसवा.